उकिडवं बसता येतं का?

'काका, जरा उकिडवे बसून दाखवता?' फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या.

मी गेलो होतो टाचेच्या दुखण्यासाठी. मला वाटलं होतं, काहीतरी यंत्र लावतील, शेक देतील, गेलाबाजार एखादं मलम तरी लिहून देतील. बाईंनी उकिडवं बसायला सांगितलं. बसलो. म्हणजे बसायला गेलो. गुडघे वाकले, कंबर थोडी खाली गेली, दोन्ही टाचा जमिनीवरून सुटल्या आणि पुढच्या क्षणी मी मागच्या मागे, तपासणीच्या पलंगाला पाठ घासत, फरशीवर! बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्या हसल्या नाहीत हे त्यांचे उपकारच. सौ. मात्र बाहेरच्या बाकावरून डोकावून पाहत होती. ती घरी येईपर्यंत हसत होती.

मी छत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली आणि त्यातून वेळ काढून कादंबऱ्या लिहिल्या. दोन्ही कामं बसून करायची. साठाव्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा पोट पुढे आलेलं, साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, चाला. चालू लागलो. पालघरात पाचबत्तीच्या हुतात्मा स्तंभापासून शिरगावच्या रस्त्याने सकाळी निघालं की समुद्राचा वारा अंगावर येतो, बरं वाटतं. त्याच रस्त्यावर मला पळणारी माणसं दिसू लागली. मुंबईत २००४ साली मोठी मॅरेथॉन सुरू झाली, आमच्या वसई-विरारला २०११ पासून. त्या लाटेचं पाणी आता पालघरपर्यंत आलं आहे. गेल्या वर्षी मुलाने वाढदिवसाला पळण्याचे बूट आणले. त्यांची किंमत माझ्या पहिल्या सहा महिन्यांच्या पगाराएवढी! एवढे महागाचे बूट घालून नुसतं चालायचं म्हणजे पैसे वाया घालवणं. मी पळू लागलो.

पहिल्या आठवड्यात एक किलोमीटर पळालो, सहाव्या आठवड्यात सहा. आकडे वाढताना पाहिले की बँकेच्या माणसाला जरा चढतंच. सातव्या आठवड्यात सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेच्या मागे कोणीतरी दाभण खुपसल्यासारखं झालं. पुढचे दोन महिने मी जिना एकेक पायरी करत उतरत होतो.

बाईंनी नंतर आणखी एक परीक्षा घेतली. भिंतीसमोर उभं राहायचं, पायाचा अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटरवर ठेवायचा आणि टाच न उचलता गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. माझा गुडघा टेकेना. अंगठा पुढे पुढे आणत तीन सेंटिमीटरवर आणला तेव्हा कुठे टेकला. 'तुमचं दोन्हीकडून चुकलं आहे,' बाई म्हणाल्या. 'एक तर एकदम फार पळालात. आणि ज्या घोट्यावर पळालात, तो वाकतच नाही.'

वाचकांपैकी कित्येकांनी एव्हाना पेपर बाजूला ठेवून उकिडवं बसून पाहिलं असेल. नसेल, तर पाहा. आधाराला खिडकीचा गज धरा, आणि गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नका. टाचा जमिनीला टेकलेल्या, गुडघे वाकलेले, अंग दोन पायांवर तोललेलं, असे मिनिटभर बसू शकलात तर तुमचं अभिनंदन. आमच्या आजी याच बैठकीत विळीवर भाजी चिरायच्या, चूल फुंकायच्या, सारवायच्या. त्यासाठी त्यांना कोणी शिबिराला पाठवलं नव्हतं.

मला त्या दिवशी आजीपेक्षा आमचे मामा आठवले.

मामा म्हणजे आमच्या बोईसर शाखेतले शिपाई. सगळी शाखा त्यांना मामाच म्हणायची. नव्वदच्या दशकात मी त्या शाखेत अधिकारी होतो. तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि भातशेतीतलं बोईसर बघता बघता कारखान्यांचं गाव झालं. पगाराच्या आठवड्यात आमच्या काउंटरसमोर रांग रस्त्यापर्यंत जायची. मामा जवळच्याच पाड्यावरचे. पहाटे शेतात चिखलणी-लावणी करून, पाय धुऊन, खाकी कपडे चढवून दहाच्या ठोक्याला हजर. दुपारी शाखेच्या मागच्या दारी भिंतीला सावली पडायची, तिथे ते उकिडवे बसून डबा खायचे. चांगला अर्धा तास, आरामात, खुर्चीत बसल्यासारखे.

मी एकदा त्यांना रागावलो होतो. 'मामा, आत खुर्च्या आहेत. असं बाहेर बसून जेवणं बरं दिसत नाही. बँकेची काही शोभा आहे की नाही?' मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आत खुर्चीवर बसू लागले, पण डबा मांडीवर घेऊन, अवघडून. तीस वर्षांनी, फरशीवर पडल्या पडल्या, मला ते आठवलं. शोभा कोणाची गेली होती ते आता कळत होतं.

पळताना शरीरात नेमकं काय होतं, हे बाईंनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. एक किलोमीटर सावकाश पळायचं तर हजार-बाराशे पावलं पडतात. प्रत्येक पाऊल टेकताना जमिनीकडून वजनाच्या दुप्पट-तिप्पट धक्का परत येतो. माझं वजन ७२ किलो. म्हणजे एकेका पावलाला दीडशे ते दोनशे किलोंचा भार, आणि तो सहा किलोमीटरमध्ये सहा-सात हजार वेळा. हा भार पेलायला घोटा वाकावा लागतो, पोटरीने लगाम धरल्यासारखं त्याला सावकाश सोडावं लागतं, गुडघ्याने थोडं झुकावं लागतं, खुबा मागे उघडावा लागतो. भार असा सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा असतो. यातल्या एकाने अंग चोरलं की त्याच्या वाट्याचं दुसऱ्यावर पडतं. मला हे लगेच पटलं. कर्जदाराने हप्ते थकवले की आम्ही जामीनदाराला नोटीस काढायचो. माझ्या घोट्याने हप्ते थकवले होते, आणि नोटीस टाचेमागच्या दोरीला गेली होती. कोणाच्या बाबतीत ती गुडघ्याला जाते, कोणाच्या बाबतीत तळपायाला किंवा नडगीला.

बरं, मग उपाय काय? आमच्या सकाळच्या मंडळात उपाय सांगणारे पुष्कळ. एक जण म्हणाले, पळण्याआधी पाय कठड्यावर टाकून वाकायचं आणि तीस आकडे मोजायचे. मीही कित्येक दिवस ते इमानेइतबारे करत होतो, तरी टाच गेली. तेव्हा हा विषय जरा मुळातून वाचून काढला, आणि जे हाती लागलं ते माझ्या मंडळाला फारसं आवडलेलं नाही.

ऑस्ट्रेलियात सैन्यात नव्याने भरती झालेल्या १,५३८ तरुणांवर केलेला एक प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी कवायतीआधी पायाचे स्नायू ताणायचे, निम्म्यांनी ताणायचे नाहीत. बारा आठवड्यांच्या शेवटी दोन्ही गटांतल्या दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक निघाला नाही. ज्यांचा दम मुळात कमी होता, ते मात्र जास्त जायबंदी झाले. पुढे २०१४ साली एका ब्रिटिश क्रीडावैद्यक नियतकालिकात अशा २५ चाचण्यांचा, २६,६१० माणसांचा एकत्रित आढावा आला. नुसतं ताणण्याने दुखापती टळल्या नव्हत्या. स्नायूंना ताकद देणाऱ्या व्यायामाने मात्र त्या एक-तृतीयांशाच्याही खाली आल्या होत्या.

म्हणजे सांधे मोकळे करण्याचा काही उपयोग नाही, असं का? तसं नाही. थंड अंगाने उभं राहून स्नायू खेचायचा, ही एक गोष्ट. सांधा जिथपर्यंत जाऊ शकतो तिथपर्यंत त्याला स्वतःच्या बळावर, हळूहळू, भार घेऊन नेणं आणि परत आणणं, ही दुसरी. पहिल्याने सांधा थोडा वेळ सैल होतो. दुसऱ्याने तो वाकतो आणि वाकलेल्या जागी उभं राहण्याची ताकदही येते. पळणाऱ्याला हे दुसरं हवं. बाईंनी मला शिकवलं ते हेच.

माझ्या टाचेवरचा उपाय स्वीडनमधल्या एका डॉक्टरांच्या नावाने ओळखला जातो. हाकन आल्फ्रेडसन हे हाडांचे शल्यविशारद. त्यांची स्वतःचीच टाच दुखत होती. वरिष्ठांनी शस्त्रक्रियेला नकार दिला, तेव्हा दोरी एकदाची तुटू दे म्हणजे शस्त्रक्रिया करावीच लागेल, अशा त्राग्याने त्यांनी पायरीवर उभं राहून टाच भाराने खाली सोडण्याचा सपाटा लावला, असं सांगतात. दोरी तुटली नाही, बरी झाली! १९९८ साली त्यांनी पंधरा पळणाऱ्यांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. दिवसाला १८० वेळा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा पहिल्यासारखे पळू लागले. मीही आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर कठडा धरून टाचा खाली सोडू लागलो. शेजारी विचारत, 'साहेब, वर जाताय की खाली?'

आता कोणी म्हणेल, यात नवीन काय? आपल्या तालमीत बैठका होत्याच. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला आणि संस्थानातल्या शाळाशाळांतून मुलांना नमस्कार घालायला लावले. नमस्कारात एक पाय मागे टाकून पुढचा गुडघा वाकवता तेव्हा पुढचा घोटा आणि मागचा खुबा दोन्ही भाराखाली उघडतात, आणि कंबर वर उचलून टाचा टेकवायला जाता तेव्हा पोटऱ्या. गोष्ट खरी आहे. पण म्हणून पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असा डांगोरा मी पिटणार नाही. बीजिंगमधल्या वृद्धांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली. आमच्या आज्यांचे गुडघेही म्हातारपणी कुरकुरत होतेच. कोणतीही एकच बैठक दिवसभर धरून ठेवणं शरीराला मानवत नाही. त्यांची ती उकिडवी होती, आपली खुर्ची आहे. मामा शेतात वाकत, सायकल मारत, उभे राहत, चालत, उकिडवे बसत. दिवसभरात त्यांचा प्रत्येक सांधा कधी ना कधी पुरता वाकायचा आणि पुरता उघडायचा. माझा घोटा छत्तीस वर्षं टेबलाखाली काटकोनात होता.

माझी टाच एवढ्यापुरतीच ही गोष्ट असती तर मी रविवारची एवढी जागा अडवली नसती. निवृत्त माणसाचं पळणं दोन महिने थांबलं, तर जगाचं काही अडत नाही. पण याच सुमारास एका संध्याकाळी मामा घरी आले. वय चौऱ्याहत्तर, बोईसरहून एकटे लोकलने आलेले. सोबत नातू. नातू लंगडत होता.

नातू वीस वर्षांचा. बारावी झालेला, वसाहतीत कंत्राटावर कामाला, आठ-दहा तास उभ्याचं काम. पहाटे पोलीस भरतीची तयारी. आमच्या जिल्ह्यात कोणत्याही सकाळी बाहेर पडा, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, कुठेही, रस्त्याच्या कडेने मुलं-मुली पळताना दिसतील. ती हौसेने पळत नाहीत. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीचे ५० गुण असतात. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मोठ्या धावेलाच २० गुण. पाच मिनिटं आणि वर काही सेकंद, एवढ्यात एका घराचं पुढच्या तीस वर्षांचं ठरतं.

या मुलाने जाहिरात आल्यावर तयारी सुरू केली. बहुतेक सगळे तेव्हाच करतात. एका अकॅडमीत नाव घातलं. पहिल्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ पळणं, तेही सिमेंटच्या रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांनी. तिसऱ्या आठवड्यात नडगी दुखू लागली. प्रशिक्षक म्हणाले, दुखणारच, दुखल्याशिवाय वर्दी मिळत नाही. मुलाने दोन आठवडे कोणाला सांगितलं नाही. गोळ्या खाऊन पळत राहिला.

मी त्यांना माझ्या बाईंकडे घेऊन गेलो. नंबर यायला वेळ होता. बाकावर जागा होती, तरी मामा व्हरांड्यात भिंतीला उकिडवे बसले, अगदी तसेच, टाचा टेकून. आत बाईंनी नातवाला उकिडवं बसायला सांगितलं. त्याच्या टाचा उचलल्या गेल्या! वीस वर्षांचा, सडपातळ, काटक मुलगा, आणि आजोबा बाहेर सहज बसलेत ते याला जमत नव्हतं. एका पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली, तर आठ-दहा वेळांत पोटरी थरथरू लागली. मग बाईंनी नडगीवरून बोट फिरवलं. एका जागी बोट आलं आणि मुलगा कळवळला. बाईंचा चेहरा बदलला. नडगी लांबवर सगळीकडे दुखत असेल तर ते वेगळं. बोटभर जागेत हाडावरच दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. पहिल्या एक्स-रेत तो बहुधा दिसतही नाही. त्यांनी ताबडतोब हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. शंका खरी ठरली. पळणं सहा ते आठ आठवडे बंद, पुढचं नंतर बघू. मैदानी चाचणीला उरले होते तीन आठवडे.

बाहेर आल्यावर मामांनी मला बाजूला घेतलं. 'साहेब, एखादं इंजेक्शन मारून तेवढी एक धाव झाली तर?' डॉक्टरांना मी तेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, वेदना कळेनाशी झाली तर हा मुलगा पूर्ण हाड मोडेपर्यंत पळेल. मामा बराच वेळ गप्प होते. मुलगा त्या भरतीत उतरला नाही. त्याचं ते वर्ष गेलं.

कोणी म्हणेल, हाडाला तडा गेला तो अति पळण्याने, त्यात घोटा आणि पोटरीचा काय संबंध? मुख्य कारण अतिरेक हेच, ते बाईंनीही सांगितलं. पण धक्का झेलायचं काम पोटरीचं आहे. ती दुबळी, वर घोटा आखडलेला, म्हणजे शेवटचा जामीनदार हाड. आणि हाडाला वाढत्या भाराशी जुळवून घ्यायला आठवडे नव्हे, महिने लागतात. दम लवकर वाढतो, हाड सावकाश. माणूस दमावर विश्वास ठेवून पळत सुटतो आणि हाड मागे राहतं. मी सहा आठवड्यांत तेच केलं, त्याने तीन आठवड्यांत केलं. माझ्या हातून फक्त हौस गेली.

या प्रकरणात मला सगळ्यांत जास्त खटकलं ते एक वाक्य. अनेकांच्या तोंडून ऐकलं: 'आदिवासी पोरं ती, काटकच असतात, त्यांना काय होतंय!' आमच्या डोंगरांपलीकडे नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा आम्हा सगळ्यांचा ऊर भरून आला. पण तिच्यामागे वर्षानुवर्षांचं शिस्तीतलं प्रशिक्षण होतं, हे आपण सोयीस्करपणे विसरतो आणि रानातली पोरं आपोआप पळतात असं मानून मोकळे होतो. मामांचा नातू रानात वाढलेला नाही. तो बोईसरच्या खोलीत वाढला, शाळेत बाकावर बसला, क्लासला मोटारसायकलवर गेला. त्याचं आडनाव आजोबांचं आहे, घोटे माझे आहेत.

तयारीशिवाय माणसाला पळवण्याची किंमत महाराष्ट्राने याहून भयंकर रूपात पाहिलेली आहे. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटरच्या चाचणीच्या वेळी काही उमेदवार दगावले. तिथे प्रश्न उन्हाचा आणि उकाड्याचा होता, नडगीचा नव्हता. त्यानंतर अंतर कमी झालं, नियम बदलले. पण मुलं तयारी कशी करतात, कोण करून घेतं, याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. जो मुलगा मैदानावर कोसळतो त्याची बातमी होते. जो महिनाभर आधी गावात लंगडत घरी बसतो, तो कोणत्याच नोंदीत येत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. शाळेतला व्यायामाचा तास गणिताला आणि इंग्रजीला देऊन टाकू नका. त्या तासात मुलांना दहा बैठका टाचा टेकवून काढता येतात का, एका पायावर मिनिटभर उभं राहता येतं का, हे बघायला एक शिक्षक पुरे, यंत्र लागत नाही. भरतीची तयारी करून घेणाऱ्यांनी पहिल्या महिन्यात वेग विसरावा, दिवसाआड पळवावं आणि मधल्या दिवशी पोटऱ्या, मांड्या, खुबे घडवावेत. तालुक्याच्या प्रत्येक मैदानात चुना मारलेला मातीचा एक ट्रॅक असावा. ही खर्चाची बाब नाही. २०१४ साली पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, कोळगावला मुख्यालयाच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या. मातीच्या चारशे मीटरला आणखी किती खर्च येणार? मुलांना आणि आई-बापांना एवढंच सांगेन, जाहिरातीची वाट पाहू नका. हाडं जाहिरात वाचत नाहीत.

आणि माझ्या वयाच्या हौशी मंडळींसाठी, बाईंनी सांगितलेली दहा मिनिटं. भिंतीसमोर गुडघा टेकवायचा, टाच न उचलता, दोन्ही पायांनी पंधरा-पंधरा वेळा. पायरीवर टाचा वर उचलून सावकाश खाली सोडायच्या, एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. सुरुवात दहापासून, वाढवायचं आठवड्या-आठवड्याने. खिडकीचा गज धरून उकिडवं बसायचं, जमेल तितकंच खाली, आणि हातांनी न ओढता पायांच्या जोरावर उठायचं. एक गुडघा जमिनीवर आणि दुसरा पाय पुढे ठेवून कंबर हळूच पुढे न्यायची, म्हणजे दिवसभर खुर्चीत घडी पडलेला खुबा उघडतो. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जवळ बेसिन असतंच. पळायला निघताना पहिली पाच मिनिटं चालायचं, मग पाय मागे-पुढे झुलवायचे, मग पळायचं. आधी मिनिटभर पळा, मिनिटभर चाला. शिरगाव-चिंचणीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी वाळूच्या उतारावर एकाच बाजूने पळू नये, एक पाय सतत खाली राहतो. रोज वाढणारं, लंगडायला लावणारं किंवा रात्री जागं करणारं दुखणं अंगावर काढू नये. छातीत दडपलं तर तिथेच थांबून डॉक्टर गाठावा. यामुळे दुखापत होणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण जामीनदारावरचा बोजा नक्की कमी होतो.

मला गुडघा भिंतीला टेकवायला तीन महिने लागले, तेही सात सेंटिमीटरवर. आता दिवसाआड तीन किलोमीटर पळतो. महागाचे बूट अजून नव्यासारखे आहेत.

गेल्या रविवारी बोईसरला गेलो होतो. सकाळी सहाला मामा, मी आणि नातू मैदानावर. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून हा त्याचा तिसरा महिना. एक फेरी पळायचं, अर्धी चालायचं. मधल्या दिवशी आजोबा त्याच्याकडून टाचांच्या बैठका मोजून घेतात आणि टाच उचलली की तो आकडा धरत नाहीत. पुढच्या भरतीत काय होईल ते तेव्हा कळेल, वय अजून हाताशी आहे. मैदानाच्या कडेला फुटबॉलच्या गोलाचा खांब होता. मामा नेहमीप्रमाणे उकिडवे बसले. मीही खांब धरून त्यांच्या शेजारी बसलो. टाचा टेकल्या होत्या, बऱ्यापैकी. मिनिटभरात मांड्या थरथरू लागल्या.

मामांनी माझ्याकडे तिरकं पाहिलं. तोंडावरची रेषही हलू न देता म्हणाले, 'साहेब, खुर्ची आणू का? बरं दिसत नाही.'

तीस वर्षं त्यांनी ते वाक्य जपून ठेवलं होतं. मी खांब आणखी घट्ट धरला आणि नको म्हणालो.